पाच मिनिटं नुसती गाडीच चाललीये! (स्लो साय-फाय बघताना नक्की होतं काय)

मागच्या दिवाळीत मेहुणा घरी आला होता आणि मी हौसेनं 'सोलारिस' लावला, तारकोव्स्की या रशियन दिग्दर्शकाचा, १९७२ चा. थोड्या वेळानं तो फेमस सीन आला, एक माणूस गाडीत बसलाय आणि गाडी हायवेवरून चाललीये, बोगदा, पूल, परत बोगदा, परत पूल, डायलॉग नाही काही नाही. मेहुणा उठला, किचनमध्ये गेला, ताईशी दोन शब्द बोलला, चिवड्याची वाटी भरून घेतली, परत येऊन बसला, आणि गाडी अजून चालतच होती. म्हणाला, "दाजी, हे पेट्रोल संपेपर्यंत दाखवणारेत का?"

हसलो मीही, कारण खरं सांगायचं तर हा पिक्चर मी आधी दोनदा लावलाय आणि दोन्ही वेळा झोपलोय. पण तेव्हापासून डोक्यात हे बसलंय की स्लो साय-फाय बघताना एकाला जांभई येते आणि दुसऱ्याला तहानभूक आठवत नाही, आणि कधीकधी तर हे दोघं एकच माणूस असतात, फक्त वार वेगळा. असं का होतं? "तुला कळत नाही म्हणून बोअर होतं" हे फिल्म फेस्टिवलवाल्यांचं उत्तर मला अजिबात पटत नाही, आणि "स्टोरीच नाही त्यात" हे दुसऱ्या बाजूचं उत्तरही नाही. जरा सोपं करून बघू.

पहिली गोष्ट, स्लो म्हणजे काय स्लो? हा शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि मग भांडतो. एक म्हणजे कट कमी असणं, शॉट लांब असणं. दुसरं म्हणजे गोष्ट पुढे न सरकणं. तिसरं म्हणजे पडद्यावर जे चाललंय त्याचीच हालचाल हळू असणं. आता आपल्या संध्याकाळच्या मालिका घ्या, सासूनं एक वाक्य टाकलं की धाड धाड धाड करत सात जणांचे चेहरे, प्रत्येकावर झूम, वर विजेचा कडकडाट, म्हणजे कटिंग एकदम फास्ट, आणि गोष्ट मात्र सोमवारी जिथे होती तिथेच शुक्रवारी, इतकं पाणी घातलेलं. उलट कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' बघा, १९६८ चा. सगळे म्हणतात जगातला सगळ्यात स्लो पिक्चर, सुरुवातीची साधारण २५ मिनिटं एक शब्द नाही, नुसती माकडं, म्हणजे नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. पण त्याच पिक्चरमध्ये माकड हाड वर फेकतं आणि पुढच्या कटला अवकाशात यान तरंगतंय, म्हणजे एका कटमध्ये लाखो वर्षं उडवलीत, एवढ्या स्पीडनं गोष्ट पुढे नेणारा दुसरा पिक्चर दाखवा मला. आणि 'ग्रॅव्हिटी' (२०१३) चा पहिला शॉट बारा-तेरा मिनिटं न तुटता चालतो, त्याला कुणी स्लो म्हणत नाही. म्हणजे शॉटची लांबी हा काही कंटाळ्याचा मीटर नाही.

तरी सवय हा भाग आहेच. कॉर्नेल विद्यापीठातल्या जेम्स कटिंग या मानसशास्त्रज्ञानं हॉलिवूडचे पिक्चर शॉट-शॉट मोजले होते, तर १९३० च्या सुमाराला सरासरी शॉट १२ सेकंदांच्या आसपास होता आणि अलीकडे तो अडीच सेकंदांवर आलाय. आणि तारकोव्स्कीचा 'स्टॉकर' (१९७९), पावणेतीन तासांच्या आसपासचा पिक्चर, त्यात शॉट किती? १४२. म्हणजे सरासरी एक शॉट मिनिटभराहून जास्त. अडीच सेकंदांवर वाढलेला डोळा एकदम त्यात टाकला तर चुळबुळ होणारच, हायवेवरून उतरून गल्लीत शिरल्यावर पहिली दोन मिनिटं गाडी उभीच असल्यासारखी वाटते ना, तसं. पण ती चुळबुळ दहा-पंधरा मिनिटांत उतरते. त्यानंतरही जर कंटाळा येत असेल तर कारण दुसरं आहे.

ते दुसरं कारण समजायला कंटाळा म्हणजे काय ते बघावं लागतं. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातले जॉन ईस्टवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याची व्याख्या केली होती, आणि ती मला फार आवडते. कंटाळा म्हणजे काही न घडणं असं ते म्हणत नाहीत. मन कशात तरी गुंतायला बघतंय आणि त्याला गुंतता येत नाहीये, ही जी अवस्था आहे तो कंटाळा. म्हणजे मूळ भानगड लक्षाची आहे. गच्चीत नुसतं बसलेलं असताना कंटाळा येत नाही कारण तिथे गुंतायचंच नसतं, आणि बँकेच्या लाईनीत येतो.

हे पिक्चरला लावलं तर माझा हिशोब असा आहे: प्रत्येक शॉट डोळ्याला काहीतरी काम देतो. शोध, ओळख, तुलना कर, वाट बघ. काम संपलं आणि शॉट चालूच राहिला की कंटाळा. शॉट चालू आहे आणि कामही चालू आहे, तर तो पाच मिनिटं असो की दहा, घड्याळाकडे लक्ष जात नाही.

याचा सगळ्यात मोठा पुरावा आपण सगळ्यांनी मिळून बघितलाय. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी पावणेसहा ते सहा वाजून चार मिनिटं, चांद्रयान-३ चं लँडिंग. आठवा पडद्यावर काय होतं. एक हॉल, कॉम्प्युटरसमोर बसलेली माणसं, एक ॲनिमेशन, काही आकडे कमी होतायत आणि एक आलेख. बस. सुमारे १९ मिनिटं हेच. चेस नाही, हिरो नाही, आणि खरं यान तर दिसतच नव्हतं. इस्रोच्या यूट्यूबवर एका वेळी ८० लाखांहून जास्त लोक हे बघत होते, आमच्या खालच्या मेडिकलवाल्यानं गिऱ्हाईक थांबवून ठेवलं होतं, आणि गिऱ्हाईकही थांबलं होतं. याहून स्लो साय-फाय कुणी बनवू शकेल का? पण कुणाला जांभई आली नाही, कारण २०१९ च्या सप्टेंबरात चांद्रयान-२ च्या वेळी असाच एक आलेख आपण बघितला होता आणि तो हिरवा ठिपका ठरलेल्या रेषेवरून जरासा बाजूला सरकला आणि मग थांबलाच होता. डोळ्याला काम होतं, ठिपका रेषेवर आहे का एवढंच, पण त्या कामात जीव अडकला होता.

आता '२००१' मधला एक सीन सांगतो, तो याच जातीचा आहे. यानात तीन शास्त्रज्ञ आधीच झोपवून ठेवलेत, पेटीत, शीतनिद्रेत. पुढे कॅमेरा येतो तो फक्त त्यांच्या पेट्यांवरच्या मॉनिटरवर, रेषा वरखाली होतायत, हृदय, श्वास, अशा. मग अलार्म. पडद्यावर अक्षरं लुकलुकतात की कॉम्प्युटर बिघडलाय. मधेच हॅलचा, म्हणजे यान सांभाळणाऱ्या त्या कॉम्प्युटरचाच, लाल डोळा, काही न बोलणारा. रेषा हळूहळू चपट्या होत जातात, एक, मग दुसरी. अक्षरं बदलतात, जीवनक्रिया गंभीर. मग शेवटी, जीवनक्रिया समाप्त. अलार्म बंद. शांत. तीन खून झाले, रक्ताचा थेंब नाही, किंकाळी नाही, मेलेल्यांनी कूससुद्धा बदलली नाही. आणि हे सगळं आपण बघितलंय ते रेषा वाचून, म्हणजे खून झाला हा निष्कर्ष आपल्याकडूनच काढून घेतलाय. तो सीन कुणीतरी "अरे हॅलनं मारलं त्यांना!" असं ओरडून दाखवला असता तर चार सेकंदांत संपला असता आणि विसरलाही गेला असता.

बरं मग त्या हायवेचं काय? तिथे मेहुणा चूक होता का? अर्धा. ती गाडी चालायला लागायच्या आधी काय झालंय ते बघा. बर्टन नावाचा हा माणूस जुना वैमानिक, त्यानं सोलारिस ग्रहावरच्या समुद्रावर एक प्रचंड मोठं मूल बघितल्याची साक्ष दिली होती आणि कुणी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. आता तो गाडीतून व्हिडिओ कॉल करतो (१९७२ मध्ये!) आणि सांगतो की तिथेच मेलेल्या एका सहकाऱ्याच्या घरी गेल्यावर मी त्याचा मुलगा पाहिला, आणि ते ग्रहावर दिसलेलं मूल हुबेहूब तेच होतं. फोन बंद. आणि मग गाडी. म्हणजे दिग्दर्शकानं तुमच्या हातात एक निखारा दिलाय आणि म्हणतोय, घ्या आता पाच मिनिटं, धरून बसा. ज्यानं फोनवरचं ते वाक्य नीट ऐकलंय त्याला गाडीत विचार करायला जागा आहे. मेहुणा त्या वाक्याच्या वेळी व्हॉट्सॲपवर फराळाचे फोटो टाकत होता. त्याच्यासाठी ती नुसतीच गाडी.

पण उरलेला अर्धा मेहुणा बरोबर होता, आणि हे मला कुठेच नीट लिहिलेलं सापडलं नाही म्हणून जरा थांबून सांगतो. तो हायवे शूट केलाय टोकियोमध्ये. त्या काळच्या सोव्हिएत प्रेक्षकाला, ज्याला साधं परदेशात जायची मुभा मिळणं मुश्किल, त्याला एकावर एक चढलेले फ्लायओव्हर, बोगद्यातले दिवे, रात्री शेकडो गाड्यांचे हेडलाईट म्हणजे खरंच भविष्यकाळ वाटला असणार, त्याच्या डोळ्याला पाच मिनिटं काम पुरलं असणार. आपण ते रोज बघतो, तेही हॉर्न वाजवत. म्हणजे सीन तोच, पण डोळ्याचं काम पन्नास वर्षांत संपून गेलंय. डोळ्याच्या कामाला एक्स्पायरी डेट असते!

'२००१' चंही थोडं तसंच झालंय. तो आला एप्रिल १९६८ मध्ये, चंद्रावर माणूस उतरला जुलै १९६९ मध्ये. म्हणजे पहिल्या प्रेक्षकांनी जेव्हा ते गोल फिरणारं स्थानक आणि त्याच्याकडे वॉल्ट्झच्या तालावर जाणारं यान बघितलं तेव्हा असं काही कुणीच कधी बघितलं नव्हतं, माणूस चंद्रापर्यंतसुद्धा गेला नव्हता. आज आपण अंतराळ स्थानकाचे व्हिडिओ मोबाईलवर बघतो, वर त्यात अंतराळवीर पोळीचे तुकडे हवेत उडवून खात असतात. तरी त्या सीनमध्ये काम अजून शिल्लक आहे, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. स्थानक फिरतंय, तर यानाला आत शिरायचं असेल तर त्यालाही त्याच वेगानं स्वतःभोवती फिरावं लागणार, आणि ते फिरायला लागतं, हळूच, आणि मग दोघं एकमेकांच्या हिशोबात स्थिर आणि बाहेरचे तारे फिरतायत असं होतं. किंवा यानात झोपलेल्या प्रवाशाचं ते तरंगणारं पेन. १९६८ मध्ये कसलं आलंय कॉम्प्युटर ग्राफिक्स, पेन एका मोठ्या काचेवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं लावलं होतं आणि काच फिरवत होते. एअर होस्टेस ते पेन हवेतून घेते तेव्हा बघा, ती खरं म्हणजे ते काचेवरून सोलून काढतीये. हे कळल्यापासून मी तो शॉट कितीदा बघितलाय विचारू नका.

(आणि हो, कुब्रिकलाही पिक्चर लांबलाय हे जाणवलं होतं. पहिल्या खेळांनंतर त्यानं स्वतः सुमारे १९ मिनिटं कापली. आपण आज बघतो तो '२००१' म्हणजे ट्रिम केलेला आहे, घ्या!)

आता खराब स्लो कसं असतं तेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी पण फेस्टिवलवाला ठरेन. १९७९ चा 'स्टार ट्रेक'चा पहिला सिनेमा, 'स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर'. चाहत्यांनीच त्याचं नाव स्लो मोशन पिक्चर ठेवलं होतं. गंमत म्हणजे त्याच्या इफेक्ट्सवर डग्लस ट्रम्बुल होता, जो '२००१' वरही होता, म्हणजे हात तेच. मग घोळ कुठे झाला? रिलीजची तारीख आधीच पक्की करून बसलेले, इफेक्ट्स शेवटपर्यंत येत राहिले, एडिटिंगला वेळच उरला नाही, दिग्दर्शक रॉबर्ट वाईज स्वतः नाराज होता आणि २००१ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. पण माझ्या हिशोबात मूळ घोळ असा की त्यात एक ढग दाखवतात, मग ढगाकडे बघणारा कॅप्टन, मग ढग, मग बघणारा दुसरा ऑफिसर, मग ढग. म्हणजे थक्क व्हायचं काम पण पात्रंच करतायत, आपण काय करायचं? सासूच्या वाक्यावर सात चेहरे, तोच प्रकार, फक्त अंतराळात.

आणि कधीकधी हे काम स्टुडिओच काढून घेतो. 'ब्लेड रनर' १९८२ मध्ये येताना चाचणीच्या खेळांना लोक गोंधळले म्हणून हॅरिसन फोर्डच्या आवाजात निवेदन घातलं, आता हा काय विचार करतोय, तो कोण आहे, सगळं बोलून सांगितलं. शेवटही गोड केला, त्यात डोंगरांचे शॉट तर कुब्रिकच्या 'द शायनिंग'चे उरलेले वापरले. हेतू हा की लोकांना बोअर होऊ नये. पण निवेदनवाली आवृत्ती मला जास्त जड जाते, कारण पावसात भिजणारं ते शहर मी डोळ्यांनी वाचत असताना कानात कुणीतरी गाईडबुक वाचतंय. पुढे १९९२ मध्ये ते निवेदन काढलं आणि त्याच पिक्चरला श्वास आला.

मग परत तारकोव्स्की, कारण या विषयात त्याला टाळून जमत नाही. 'स्टॉकर' बघून सोव्हिएत सरकारी अधिकारी म्हणाले की जरा वेगवान करा, सुरुवात फार संथ आहे. तर हा बाबा म्हणाला, उलट अजून संथ पाहिजे, म्हणजे चुकून या थिएटरात शिरलेल्यांना मुख्य गोष्ट सुरू व्हायच्या आत उठून जायला वेळ मिळेल. उद्धट आहे, पण मजा आहे. त्याचं म्हणणं साधारण असं होतं की शॉट नेहमीपेक्षा लांबवला की कंटाळा येतो, अजून लांबवला की कुतूहल वाटायला लागतं, आणि त्याहून लांबवला की लक्ष द्यायची एक वेगळीच तऱ्हा सुरू होते. मला हे पुस्तकी वाटायचं, मग ट्रॉलीचा सीन नीट बघितला.

तीन माणसं रेल्वेच्या रुळांवरून छोट्या ट्रॉलीवर बसून निषिद्ध भागात चाललीयेत. चारेक मिनिटं. कॅमेरा आजूबाजूचं काही दाखवतच नाही, तो त्यांच्या डोक्यांना चिकटलेला, कान, मान, टोपी, मागे सगळं धूसर. रंग मातकट तपकिरी. रुळांचा खडखडाट एका लयीत. पहिला मिनिट तुम्ही धूसर मागचं वाचायचा प्रयत्न करता, मग सोडून देता. मग चेहरे वाचता, हा घाबरलाय, हा झोपाळलाय. मग तेही संपतं, आणि इथेच कंटाळा येतो, प्रामाणिकपणे सांगतो. आणि मग लक्षात येतं की अरे, खडखडाट बदललाय. तो कधी बदलायला लागला ते कळलंच नाही, लोखंडाचा आवाज हळूहळू कसल्यातरी यंत्राच्या घुमण्यासारखा झालाय. म्हणजे डोळ्याचं काम संपवून त्यानं ते कानाला दिलंय. आणि मग एक कट आणि सगळं हिरवंगार, रंगीत, आणि शांतता. तो हिरवा रंग तुम्ही आधी किती मिनिटं तपकिरी बघितलाय त्यावर उभा आहे, फॉरवर्ड करून त्या कटवर आलात तर ते नुसतं गवत आहे.

ख्याल ऐकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. अमीर खाँसाहेबांचा विलंबित झुमरा, चौदा मात्रा, एक आवर्तन संपायला जवळपास मिनिट लागतं, म्हणजे 'स्टॉकर'चा एक शॉटच म्हणा. नवीन माणसाला वाटतं हे गाणं सुरू कधी होणार. ज्याला ताल कळतो तो समेची वाट बघत असतो, आणि वाट बघणं हेच त्याचं काम आहे, रिकामा तो बसलेलाच नाही.

साय-फायमध्येच हे इतकं का येतं, चोरपोलीसाच्या पिक्चरमध्ये का नाही, याचं एक साधं कारण अंतर आहे. अवकाश मोठं आहे आणि तिथे काहीच पटकन होत नाही. '२००१' मध्ये बीबीसीची मुलाखत आहे, यान आठ कोटी मैलांवर, निवेदक सांगतो की आपले शब्द तिथे पोचायला सात मिनिटं लागली पण तो वेळ आम्ही काढून टाकलाय. गणित करून बघा, प्रकाशाला तेवढं अंतर जायला खरंच सात मिनिटं आणि वर थोडे सेकंद लागतात. म्हणजे जगातल्या सगळ्यात स्लो म्हणून बदनाम झालेल्या पिक्चरनं खरा स्लोपणा कापून आपल्यावर दयाच केलीये.

आणि शेवटी पडदा. हे सगळे पिक्चर मोठ्या पडद्यासाठी बनवलेत, '२००१' तर ७० एमएमवर. तिथे एका फ्रेममध्ये बघायला वीस जागा असतात, मोबाईलवर ती फ्रेम दोन सेकंदांत वाचून होते, काम संपतं, आणि अंगठा दीडपट स्पीडच्या बटणाकडे जातो. त्यात दोष कुणाचा नाही. ज्याला सुरुवात करायचीये त्यानं 'स्टॉकर'पासून करू नये असं माझं मत, 'मून' (२००९) बघावा, दीड-पावणेदोन तासांचा, एकटा माणूस चंद्रावर, संथ आहे पण प्रश्न लवकर हातात देतो. किंवा क्रिस मार्करची 'ला जेते' (१९६२), २८ मिनिटांची, जवळजवळ सगळी स्थिर फोटोंची, आणि त्यात एकदाच, फक्त एकदा, चित्र हलतं, झोपलेली बाई डोळे उघडते. काय दचकतो माणूस! आणि कुणी स्लो म्हणजे डीप असं ऐकवायला लागला तर खुशाल दुर्लक्ष करा, रिकामी फ्रेम लांबवून ठेवणारे दिग्दर्शकही भरपूर आहेत आणि त्यांच्या पिक्चरला आलेली झोप अगदी योग्य झोप असते.

त्या दिवाळीला 'सोलारिस' आम्ही पूर्ण केला नाही, मेहुणा तासाभरात आडवा झाला, मी पण टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यानं एकदम कप खाली ठेवला आणि म्हणाला, "दाजी, काल त्या गाडीत मागच्या सीटवर एक पोरगं होतं, ते कुणाचं हो?"